वाचलं तर होतं, मग पेपरात का आठवलं नाही?

वरठीला उतरलेल्या माणसाला फलाटावर गावाचं नाव दिसत नाही, ‘भंडारा रोड’ दिसतं. हावडा–नागपूर–मुंबई मार्गावरचं हे स्टेशन भंडारा शहरासाठी म्हणून ओळखलं जातं, पण ते आहे मोहाडी तालुक्यातल्या वरठीत. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला पोलाद कारखाना आणि या दोन्हींच्या आधाराने वाढलेली वस्ती. इथल्याच एका घरी घडलेल्या प्रसंगावरून हा लेख लिहावासा वाटला.

घरातली मुलगी दहावीला, मराठी माध्यमात. तिच्या आधी या घरातलं कुणी दहावीपर्यंत पोहोचलं नव्हतं. अब्बा ठेकेदाराकडे पाळीत काम करतात, अम्मी घरी शिवणकाम करते. विज्ञान भाग १ ची चाचणी झाली, ४० गुणांची. मुलीने घरी सांगितलं होतं, “तीस तरी पडतील.” पडले १३.

अब्बांना राग आला नव्हता, ते थकले होते. ट्यूशनची फी भरली, गाईड आणून दिलं, घरकामाला हात लावू दिला नाही, तरी १३. मुलगी खाली मान घालून म्हणाली, “माझ्या डोक्यात बसतच नाही.” त्यावर अब्बा हळूच म्हणाले, “मग दहावी झाली की पुरे करू.”

आमच्या समाजात कितीतरी मुलींचं शिक्षण अशाच हळू आवाजातल्या वाक्याने थांबतं. त्यात वैर नसतं, जुलूम नसतो. मुलीने स्वतःबद्दल एक निकाल दिलेला असतो आणि घराने तो मान्य केलेला असतो. पण तो निकाल बरोबर आहे की नाही, हे कुणी तपासतच नाही.

आम्ही तिला विचारलं, अभ्यास कसा केलास? तिने गाईड पुढे केलं. पानंच्या पानं पिवळ्या रंगाने रंगवलेली. ‘गुरुत्वाकर्षण’ हा धडा तिने तीनदा वाचला होता. आम्ही पुस्तक मिटलं आणि विचारलं, “वस्तुमान आणि वजन यांत फरक काय?”

“वस्तुमान म्हणजे... ते बदलत नाही. आणि वजन...” एवढं बोलून ती थांबली. बराच वेळ थांबली. मग तिने पुस्तक उघडलं, पानावर नजर टाकली आणि तिचा चेहरा उजळला. “अरे, हे तर मला येत होतं!”

या एका वाक्यातच तिच्या १३ गुणांचं कारण दडलेलं आहे. आणि उपायही.

ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं

मुलगी खोटं बोलत नव्हती. पान समोर आलं की सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून तिला ते ‘येतं’ असं वाटलं. आपल्यालाही हा अनुभव रोजचा आहे. फलाटावर एखादा माणूस दिसतो. चेहरा अगदी ओळखीचा, कुठल्या तरी लग्नात भेटलेला. पण सलाम करून नाव घ्यायची वेळ आली की जीभ अडते. चेहरा ओळखता आला म्हणून नाव आठवलं असं होत नाही.

धडा तीनदा वाचला की त्याचा ‘चेहरा’ ओळखीचा होतो. पेपरात मात्र चेहरा दाखवत नाहीत, नाव विचारतात. प्रश्नपत्रिकेवर उत्तर छापलेलं नसतं, ते आपल्या आतून काढावं लागतं. आणि आतून काढायचा सराव मुलीने एकदाही केलेला नव्हता. तिन्ही वेळा पुस्तक उघडंच होतं.

या फरकावर २००६ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासाला दिला. काही विद्यार्थ्यांनी तो चार बैठकींत वाचायचा. दुसऱ्या काहींनी एकाच बैठकीत वाचायचा आणि पुढच्या तीन बैठकींत उतारा न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहायचं.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८३ टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरला होता, लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आठवड्याने तुम्हाला किती आठवेल, असं विद्यार्थ्यांना आधीच विचारलं होतं. चार बैठकी वाचणाऱ्यांचा भरवसा सगळ्यांत मोठा होता. ज्यांना सगळ्यांत कमी आठवणार होतं, तेच सगळ्यांत निश्चिंत होते. ही विद्यापीठात शिकणारी मोठी मुलं होती. मग वरठीच्या पंधरा वर्षांच्या मुलीला ‘तीस पडतील’ असं वाटलं, यात नवल काय?

आपल्याला काय येतं, हे आपल्यालाच कळणं

स्वतःच्या शिकण्याकडे असं बाहेरून बघण्याला मानसशास्त्रात ‘मेटाकॉग्निशन’ म्हणतात. मराठीत त्याला ‘अधिबोध’ असा शब्द आहे. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे: आपल्याला काय येतं, काय येत नाही, आपण कुठे अडतो आणि अडलो की काय करायचं, याची आपल्यालाच असलेली जाण.

हा शब्द रुळवला तो अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांनी. १९७९ मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्यांनी लहान मुलांवरच्या अभ्यासाचा दाखला दिला. मुलांना काही गोष्टी लक्षात ठेवायला दिल्या आणि सांगितलं, पूर्ण याद झाल्याची खात्री पटली की सांगा. शाळेतली मोठी मुलं ‘झालं’ म्हणाली तेव्हा बहुतेक वेळा खरंच झालेलं असायचं. अगदी लहान मुलंही ‘झालं’ म्हणायची, पण बहुतेक वेळा झालेलं नसायचं. म्हणजे याद करणं हे एक काम आणि याद झालंय की नाही हे ओळखणं हे दुसरं. दुसरं काम वयाबरोबर थोडं येतं, पण आपोआप पूर्ण येत नाही. ते शिकवावं लागतं.

या जाणिवेचे दोन भाग आहेत. पहिला भाग ओळखीचा: माझं गणित बरं आहे पण भाषेत मी कच्ची आहे, सकाळी माझं डोकं चांगलं चालतं, व्याख्या मी लवकर विसरते. दुसरा भाग कारभाराचा: आज काय करायचं ते ठरवणं, करताना मध्येच थांबून तपासणं, जमत नसेल तर पद्धत बदलणं.

ज्यांना हे अवघड वाटेल त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून बघावं. दावतीची बिर्याणी करणारी अम्मी हेच करत असते. किती माणसं येणार याचा अंदाज घेते, तांदूळ किती शिजला ते दाणा दाबून बघते, यखनीचं मीठ चाखते, कमी असेल तर वाढवते, आच मंद करते. चाखल्याशिवाय देग ती दस्तरखानावर पाठवत नाही. आमची मुलं मात्र धडा न चाखताच पेपराला घेऊन जातात, आणि मीठ कमी पडलं हे निकालाच्या दिवशी कळतं.

रेल्वे धरून चालते की माणूस विसरतो

वरठीकरांना रोज दिसणारं एक उदाहरण घेऊ. स्टेशनातून जाणाऱ्या गाडीचा लोको पायलट वर्षानुवर्षं गाडी चालवत असतो. तरी नव्या मार्गावर त्याला थेट गाडी देत नाहीत. आधी तो जाणकार चालकासोबत त्या मार्गावर फेऱ्या करतो. सिग्नल कुठे, चढ कुठे, वळण कुठे, गती कुठे कमी करायची, हे बघतो. याला रेल्वेत ‘रोड लर्निंग’ म्हणतात. मार्ग माहीत झाल्याची सही त्याला स्वतः करावी लागते.

आणि इतकं करूनही, एखाद्या मार्गावर तो ठरावीक महिन्यांहून जास्त काळ गेला नसेल, तर पुन्हा शिकण्याच्या फेऱ्या कराव्या लागतात. ‘वीस वर्षांचा अनुभव आहे, आठवेल’ असं म्हणून रेल्वे त्याला सोडत नाही. चालत्या गाडीतही चालक आणि त्याचा सहायक सिग्नलचा रंग मोठ्याने बोलून एकमेकांना सांगतात. डोळ्यांनी बघितलं एवढ्यावर भागत नाही, तोंडाने उच्चारावं लागतं आणि दुसऱ्याने दुजोरा द्यावा लागतो.

यात कुणाची हुशारी कमी लेखलेली नाही. माणूस विसरतो, आणि विसरलाय हे त्याला स्वतःला कळत नाही, एवढंच गृहीत धरलेलं आहे. हेच आपण घरातल्या अभ्यासाबाबत गृहीत धरलं, तर मुलांना ‘ढ’ म्हणायची वेळ क्वचितच येईल.

आपल्याच घरातली जुनी शिस्त

मुस्लिम कुटुंबांना तर यासाठी फार लांब जायची गरज नाही. हिफ्ज करणारं मूल कसं शिकतं ते आठवा. कुरआनचे ३० पारे आणि ११४ सूरह तोंडपाठ करायचं काम नुसतं वाचून होत नाही. त्याची एक बांधणी असते. नवा धडा तो ‘सबक’. नुकत्याच झालेल्या भागाची उजळणी ती ‘सबकी’. आणि जुन्या पाऱ्यांची फिरती उजळणी ती ‘मंझिल’, काही ठिकाणी तिला ‘आमुख्ता’ म्हणतात. रोज तिन्ही चालतात. नवा सबक पुढे गेला म्हणून जुना सोडला जात नाही, कारण सोडला की तो निसटणार हे उस्तादांना पक्कं ठाऊक असतं.

दुसरं म्हणजे, सबक ‘झाला’ हे मूल स्वतः ठरवत नाही. ते उस्तादांसमोर बसून, न बघता ऐकवतं. अटकलं तर तिथेच कळतं. झालेला हाफिजही रमजानमध्ये तरावीह पढवतो तेव्हा मागे सामे उभा असतो. हाफिज चुकला तर तो लुक्मा देतो आणि नमाज पुढे चालू राहते. लुक्मा मिळाला म्हणून हाफिजाची इज्जत जात नाही. चूक लवकर सापडावी यासाठी केलेली ती व्यवस्था आहे.

तिसरी गोष्ट अधिक बारीक आहे. कुरआनमध्ये एकमेकींसारख्या वाटणाऱ्या आयती अनेक ठिकाणी आहेत. पढता पढता हाफिज एका सूरहमधून नकळत दुसऱ्या सूरहमध्ये जाऊ शकतो. म्हणून चांगल्या हाफिजाला आपल्या धोक्याच्या जागा माहीत असतात, आणि तिथे तो जास्त मेहनत करतो. सगळीकडे सारखी मेहनत करत बसत नाही. अधिबोध याहून वेगळा काही नाही.

इल्म कसा मिळवावा यावर आपल्याकडे पूर्वीपासून लिहिलं गेलं आहे. बुरहानुद्दीन ज़रनूजी यांचा ‘तालीमुल मुतअल्लिम’ हा विद्यार्थ्यांसाठीचा ग्रंथ आठशे वर्षांच्या आसपासचा आहे आणि अनेक मदरशांत आजही वाचला जातो. त्यात उजळणीचा हिशोब दिलेला आहे: कालचा धडा पाच वेळा, परवाचा चार वेळा, त्याआधीचा तीन, मग दोन, मग एक. आज शास्त्रज्ञ ज्याला अंतराअंतराने केलेली उजळणी म्हणतात, तिचंच हे जुनं रूप.

इमाम ग़ज़ाली यांचा किस्साही मशहूर आहे. शिकून घरी परतताना दरोडेखोरांनी काफिला लुटला. ग़ज़ालींनी विनवणी केली की बाकी सगळं न्या, पण माझ्या टिपणांची थैली परत द्या, त्यात माझं इल्म आहे. दरोडेखोरांचा म्होरक्या हसला. थैली गेली की जे जातं, त्याला तू इल्म कसं म्हणतोस? थैली त्याने परत दिली, पण टोला लागला होता. ग़ज़ालींनी पुढची तीन वर्षं ती टिपणं मनात उतरवण्यात घातली, असं सांगतात. आमच्या मुलांची थैली म्हणजे पिवळ्या रेघांचं गाईड, मोबाइलमधले फोटो आणि पीडीएफ.

पण पाठांतर म्हणजेच इल्म, असं मात्र आपल्या उलेमांनीही मानलं नाही. ट्यूनिसला जन्मलेले इब्ने खल्दून यांनी १३७७ च्या सुमारास लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’मध्ये यावर सडकून टीका केली आहे. काही विद्यार्थी वर्षानुवर्षं मजलिसीत गप्प बसून फक्त पाठ करतात, बोलत नाहीत, वाद घालत नाहीत, आणि मग इल्म वापरायची वेळ आली की त्यांना काही जमत नाही, असं त्यांचं निरीक्षण. मोरोक्कोत मदरशातला मुक्काम १६ वर्षांचा आणि ट्यूनिसमध्ये ५ वर्षांचा असायचा, याचाही त्यांनी उल्लेख केला आहे. शिकवण्याची पद्धत कमकुवत असली की वर्षं वाढतात, असा त्यांचा रोख होता. त्यांच्या मते खरी पकड येते ती बोलण्याने, प्रश्न विचारण्याने आणि चर्चेने.

म्हणजे हिफ्जकडून दोन गोष्टी घ्यायच्या, न बघता ऐकवणं आणि ठरवून उजळणी. इब्ने खल्दून यांच्याकडून तिसरी घ्यायची: समजावून सांगता येतं का, ते बघणं.

घरी काय करता येईल?

अनेक पालक म्हणतात, आम्हीच शिकलेलो नाही, मुलांचा अभ्यास काय घेणार? खरं तर अभ्यास शिकवायचा नाहीच, फक्त ऐकायचा आहे. पुस्तक तुमच्या हातात, तोंड मुलाचं. धडा तुम्हाला कळला नाही तरी मूल अटकलं हे कळतंच.

वरठीच्या त्या घरात ही जबाबदारी दादीने घेतली. दादीला वाचता येत नाही. मगरीबनंतर नात तिच्यासमोर बसायची आणि पुस्तक मिटून सांगायची.

“वस्तुमान म्हणजे वस्तूत किती माल भरलाय ते. वजन म्हणजे पृथ्वी त्याला किती जोराने ओढते ते.”

दादी विचारात पडली. “मग मी चंद्रावर गेले तर बारीक होईन का?”

मुलगी हसली, आणि हसता हसता अडकली. पुस्तक उघडून बघितलं, आणि मग सांगितलं, “नाही दादी, तुम्ही आहात तेवढ्याच राहाल. फक्त चंद्र तुम्हाला कमी ओढेल. वजन सहावा हिस्सा भरेल, पण माल तेवढाच.”

हा फरक ती आता विसरायची नाही. तीनदा वाचून जे झालं नव्हतं, ते दादीच्या एका प्रश्नाने झालं.

ज्यांना रोजची पद्धत हवी, त्यांच्यासाठी थोडक्यात:

अभ्यासाला बसण्याआधी एक मिनिट. आज काय करणार आणि ते झालं हे कशावरून कळेल, एवढं मुलाने सांगायचं. ‘विज्ञान करणार’ हे उत्तर चालणार नाही. ‘भिंगाच्या आकृत्या न बघता काढून दाखवणार’ हे चालेल.

पान झालं की पुस्तक मिटायचं. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं किंवा कुणाला तरी सांगायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. तो लाल भाग म्हणजे उद्याचा अभ्यास. अटकणं ही वाईट खूण नाही. जिथे अटकलो, शिकणं तिथेच सुरू होतं.

उजळणी अंतराने. आजचा धडा उद्या, मग तीन दिवसांनी, मग जुम्याला, मग महिनाअखेर. एका रात्रीत चार तास करण्यापेक्षा चार दिवस एकेक तास केलेलं जास्त टिकतं.

गणितात सोडवलेलं उदाहरण वाचू नका. ते वाचताना सगळं पटतं आणि इथेही ओळखीचा चेहरा फसवतो. उत्तरावर कागद ठेवून एकेक पायरी स्वतः करा. शिवाय एकाच प्रकारची वीस गणितं करण्याऐवजी वर्गसमीकरण, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता अशी मिसळून घ्या. पेपरात पहिला प्रश्न हाच असतो की हे गणित कोणत्या प्रकारचं आहे.

पेपराआधी गुणांचा अंदाज लिहून ठेवा. पेपर हातात आला की अंदाज आणि गुण शेजारी ठेवा. मग चुकांचे तीन ढीग करा: येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, आणि घाईत चुकलं. तिन्हींचं औषध वेगळं आहे. पहिल्याला शिक्षक हवेत, दुसऱ्याला उजळणी हवी, तिसऱ्याला शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायची सवय हवी. ‘अजून मेहनत कर’ हे तिन्हींवर एकच औषध देणं झालं.

२०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून बघितल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अंतराने उजळणी करणं, या दोन पद्धती सगळ्यांत उपयोगी ठरल्या. ओळींवर रंग मारणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं यांचा फायदा कमी दिसला. आपली मुलं बहुतेक याच दोन पद्धतींवर रात्री घालवतात. दोष त्यांचा नाही, दुसरं काही त्यांना कुणी दाखवलेलंच नाही.

शाळांकडूनही आता थोडी अपेक्षा ठेवता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या शेऱ्याबरोबर मुलाने स्वतः केलेल्या मूल्यमापनालाही जागा द्यावी असं म्हटलं आहे. पालकसभेला गेलात तर गुणांबरोबर हेही विचारा, की माझ्या मुलाला स्वतःच्या चुका ओळखता येतात का?

हे सगळ्यांवरचं औषध नव्हे

इथे एक धोका आहे, तोही सांगायला हवा. ‘मूल नीट शिकत नाही कारण त्याला शिकायचं कसं ते कळत नाही’ असं म्हणून सगळा भार मुलावर टाकता येणार नाही. घरात बसायला कोपरा नसेल, सकाळी पोटात काही नसेल, वर्गात विषयाचे शिक्षकच नसतील, तर पुस्तक मिटून ऐकवण्याने ती उणीव भरणार नाही. फळा दिसत नसेल तर आधी डोळे तपासावे लागतील. वाचताना अक्षरं सतत उलटसुलट होत असतील, बोलायला हुशार असूनही लिहिणं जमत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्या मागण्यात कमीपणा नाही.

आणि ऐकणाऱ्याने उस्ताद व्हावं, ठाणेदार होऊ नये. मूल अटकलं की ‘बघ, काहीच येत नाही’ असं म्हटलं, तर ते उद्यापासून अटकणं लपवायला शिकेल. मग आपल्याला काय येत नाही हे बघायचं धैर्यच उरणार नाही. लुक्मा हळू आवाजात दिला जातो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पुढची चाचणी

वरठीच्या त्या मुलीची पुढची चाचणी दोन महिन्यांनी झाली. पेपराला जाण्याआधी तिने वहीच्या मागच्या पानावर अंदाज लिहिला होता, २५. पडले २१.

४० पैकी २१ म्हणजे पहिला नंबर नव्हे. ट्यूशनच्या फळ्यावर तिचं नाव लागलं नाही. पण मागच्या वेळी अंदाज ३० आणि गुण १३ होते, म्हणजे फरक १७ चा होता. या वेळी फरक ४ चा आहे. आपण कुठे आहोत हे तिला कळू लागलं आहे, आणि जिथे आहोत ते कळलं की पुढचा रस्ता काढता येतो. तिने पेपर अब्बांपुढे ठेवला आणि बोट लावून दाखवलं, “हे मला येतं. हे येत होतं, विसरले. आणि हे दोन अजून येतच नाहीत, सरांना विचारायचंय.”

‘माझ्या डोक्यात बसतच नाही’ हे वाक्य ती या वेळी बोलली नाही. अब्बांनी पेपर बराच वेळ बघितला. मग विचारलं, अकरावीला सायन्स घ्यायचं तर कॉलेज भंडाऱ्याला बघावं लागेल ना?